प्लास्टरला तेलाचा वास

१७ एप्रिल

काल अमरावतीच्या दवाखान्यातून सुट्टी झाली. शेजारच्या शकीलभाईंच्या जीपची मागची सीट आडवी करून वैशूला अकोटला आणलं. एसटीत बसवणं शक्यच नव्हतं. छातीखालून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत आणि उजव्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दोन्ही पाय फाकवलेले, मधे आडवी काठी. साडेतीन वर्षांचं लेकरू, पण दारातून सरळ आत जाईना. तिरपं करून न्यावं लागलं, लोखंडी पलंग नेतात तसं.

वैशूचे बाबा, विलास, उचलायला वाकले आणि नेमका काठीलाच हात घातला. मी ओरडले. डॉक्टरांनी बजावलं होतं, काठी उचलायला नाही. दारात बायका जमलेल्या, त्यांच्यासमोर ओरडले. वि.चा चेहरा उतरला. उतरू दे. सांगितलेलं डोक्यात राहत नाही त्यांच्या.

त्या बायकांतली एक म्हणाली, "पडली काय वो?" जन्मापासूनच खुब्याचं हाड जागेवर नव्हतं हे किती जणींना सांगू? दुसरी तिच्या कानाशी, "मायच्या हातून पडली असन." मला ऐकू येईल एवढ्याच हळू.

१९ एप्रिल

दुपारभर लोडशेडिंग. कूलर बंद. घरात भट्टी. थोड्या थोड्या वेळानं वैशूला पालथी, मग उताणी. छातीखाली कापसाची उशी, हनुवटीखाली घडी. पालथी असली की जेवते, उताणी असली की रडते.

सासूबाई विंझणा घेऊन पलंगाशी. वारा घालतात ते बरं, पण तोंड थांबत नाही. "जित्या लेकराले गाऱ्यात लिंपून ठेवलं बापा." त्यांचे काका दर्यापूरकडे हाडं बसवायचे. "माह्या काकानं कितीकाचे खुबे बसवले, कापाकापी नाई का काई नाई. तेलानं हाड आपोआप जागी वयते." वि. दाराशी उभे राहून ऐकत होते.

वैशू ऐकते हे कोणाच्या लक्षात नाही. संध्याकाळी विचारते, "आई, मले कापलं काय?"

ती वर्षाची झाली, पाय टाकायला लागली, तेव्हापासून मी म्हणत होते, पोरगी लंगडते. सगळे म्हणाले, नवीन चालते, होईल. सा.बा. म्हणाल्या, तिचा बापही असाच डुलत चालायचा. तेव्हा कोणाचं ऐकलं नसतं तर. आता कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलं आहे. डॉक्टरांचंसुद्धा अर्धंच.

२३ एप्रिल

वि.नी वांग्याच्या दोन प्लास्टिक कॅरेट जोडून, खाली लाकडी फळी आणि चाकं लावून गाडा केला. मळ्यातून येऊन रोज थोडं थोडं करत होते, मला पत्ता नाही. गादीही शिवून आणली, आपल्याच शेतातल्या कापसाची. वैशूला त्यात ठेवून अंगणात फिरवलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मी चाकं तपासली. एक जरा हलतं. बोलले तर म्हणाले, "तुले काईच पटत नाही काय वंदे?"

चाक हलत होतं. मी काय करू.

२५ एप्रिल

खाज. प्लास्टरच्या आत, हात पोचत नाही तिथं. वैशू डोकं आपटते. मी वरून टकटक करते, वर्तमानपत्राच्या घडीनं आत वारा घालते. दोन मिनिटं बरं, मग परत.

आज चादर झटकताना विणायची सुई पडली. मी आल्या दिवसापासून घरातल्या लांब वस्तू उचलून ठेवल्यात. मग ही कुठून आली? सा.बा. म्हणाल्या, "मीच जरासं खाजवून देल्लं. लेकरू जीव काढून राहिलं अन् तू न्हाणीत." आत जखम झाली तर कळणारही नाही, हे त्यांना दहांदा सांगितलं. सुई लपवली. आता मी आंघोळीलाही दार अर्धं उघडं ठेवून जाते. लाज वाटते, पण कान इकडे असतात.

२९ एप्रिल

नसीमाभाभी (शकीलभाईंच्या घरच्या) येऊन मापं घेऊन गेल्या. दोन्ही बाजूंनी उघडा, नाडीनं बांधायचा फ्रॉक शिवणार. चड्डी कशी शिवायची यावर बराच विचार. शेवटी म्हणाल्या, "चड्डी नको बाजी, झालर लावून देते. दिखेगा बी नहीं और हवा बी लगेगी." वैशूनं फुलं पाहिजे सांगितलं. पिवळी. बापाच्या शेतातल्या झेंडूसारखी.

भाभी रोज दुपारी येऊन बसतात. मला तेवढंच पाणी भरायला, भाकरी टाकायला सुटतं.

३ मे

प्लास्टरची डावी कड, मांडीपाशी, पिवळसर झाली आहे. आधी वाटलं लघवी. कडेला लावलेलं प्लास्टिक तर नीट खोचलेलं होतं. वास घेतला. लघवीचा नाही. तेल.

कोणी लावलं? अंगाला मी फक्त खांद्यापासून वर लावते, तेही खोबरेल. हा वास वेगळा. तिळाचा, आणि त्यात काहीतरी जळकं.

सा.बा.ना सरळ विचारलं नाही. आज फक्त पाहिलं. हात पदराला पुसत होत्या. पण त्या नेहमीच पुसतात.

५ मे

काल सगळ्या कडांना चिकटपट्टी लावली, नवी. आज डाव्या मांडीची पट्टी उचकटून परत चिकटवलेली. कोपरा दुमडला आहे. मी असा दुमडत नाही.

वैशूला विचारलं, "इथं कोणी हात लावला?" ती छताकडे पाहत राहिली. साडेतीन वर्षांचं लेकरू खोटं बोलत नाही म्हणतात. गप्प मात्र बसतं. कोणीतरी गप्प बस म्हणून शिकवलं आहे.

६ मे

सरकारी माणसं आली होती. दोघं. या भागात घरोघरी फिरून विचारतात, आजारी कोण, लग्नाची पोरगी आहे का, घरात कोणी गुमसुम राहतं का, जेवण टाळतं का. दोन गावं सोडून परवा पुन्हा एक जण फवारणीचं औषध प्यायला, त्यानंतर जास्तच फिरतात. सा.बा.च दाराशी बोलल्या. "गुमसुम? नाई बाप्पा. आमच्या घरी सारे बोलतेच."

त्यातल्या एकाची नजर वैशूवर. "काय झालं हिले?" मी पडदा ओढला.

ते गेल्यावर मात्र डोक्यात राहिलं. वि. हल्ली बोलत नाहीत. मळ्यातून येतात, वैशूजवळ थोडं बसतात, ताटात अर्धी भाकरी ठेवून उठतात. विचारलं तर, उन्हाचं खावंसं वाटत नाही. ऊन दरवर्षीच असतं. दरवर्षी खातात.

८ मे

झालं शेवटी. डाग पसरलेला, कड दाबली तर बोट आत जातं, मऊ. मी तशीच सासूबाईंपुढे उभी राहिले. वि. बाजारात फुलं देऊन नुकतेच आलेले, ओसरीवर बूट काढत होते.

मी म्हटलं, "आई, तेल तुम्ही सोडता आत. नाही म्हणू नका."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीकडे. बराच वेळ. म्हणाल्या, "माह्या हातानं नाई."

"मग कोणाच्या? सुईही तुमच्याच हातानं होती ना?"

"सुईचं मी कबूल केलं. हे माहं नाई."

"घरात तेलाची बोलणी कोण करतं? तुमचे काका, तुमचं तेल. तिचं हाड सरकलं तर जन्मभर लंगडी राहील ती. तुम्ही असणार आहात तेव्हा?"

असं बोलायला नको होतं. पण बोलले. वि. एक बूट काढून तसेच बसलेले. एक शब्द नाही. आईच्या बाजूनं नाही, माझ्याही नाही.

सा.बा.नी पिशवी भरली. भावाकडे जाते म्हणाल्या, दर्यापूरला. वैशूच्या डोक्यावरून हात फिरवला, "आजी येते हं." वि.नी त्यांना स्टँडवर सोडलं.

घर मोकळं वाटलं. खरं सांगते.

११ मे

परत डाग.

सासूबाई दर्यापूरला आणि परत डाग. काल पट्टी बदलली होती, त्यावर पेननं रेघ मारली होती. रेघ जुळत नाही.

 त्या बाईला मी काय काय बोलले.

मग दुसरं सुरू झालं डोक्यात. त्यांनी जाताना कोणाला सांगून ठेवलं असेल तर? घरात येतं कोण? नसीमाभाभी.

१२ मे

भाभींना विचारलं. फिरवून विचारलं, पण त्यांना कळलं. फ्रॉकला बटण लावत होत्या. हात थांबला.

"बाजी, मैं तो उसको पानी बी तुमले पूछ के पिलाती."

मी म्हटलं, तसं नाही भाभी. त्या म्हणाल्या, "तसंच आहे. जाने दो. लेकराची माय असंच करते." बटण पूर्ण लावलं, दोरा तोडला, फ्रॉक घडी करून उशीवर ठेवला. पिवळी फुलं काढली आहेत, छान. उद्या येईन म्हणाल्या नाहीत.

आता एकेक माणूस तोडत चालले आहे मी.

१३ मे

 लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी लाइट आली म्हणून कूलरमध्ये पाणी टाकायला मागच्या खिडकीकडे गेले. कूलरच्या स्टँडखाली विटेआड काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं. सोडलं तर बाटली. छोटी, तपकिरी काचेची. लेबल खरवडून काढलेलं. अर्ध्याच्या वर भरलेली. फडकं वि.च्या जुन्या शर्टाचं, बाही ओळखली मी.

आमच्याकडे सध्या नवऱ्यानं लपवलेली बाटली सापडली की बाईच्या मनात काय येतं ते मी इथं लिहिणार नाही. झाकण उघडायचं धाडस झालं नाही. न बोलणं, अर्धी भाकरी, ओसरीवर एक बूट काढून बसलेले, सगळं एकामागोमाग आलं डोळ्यांपुढे. पाहत तर मी रोजच होते. पण मी पट्ट्या पाहत होते.

वैशूला एकटी टाकता येईना. भाभींच्या दाराशी गेले. काल जे झालं ते झालं, तरी गेले. माझा चेहरा पाहून त्यांनी काही विचारलं नाही, चप्पल न घालताच आल्या. मी मळ्याकडे पळत सुटले. उन्हात, डोक्यावर पदर नाही.

वि. वांग्याला पाणी देत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात फावडं. मला पाहून फावडं टाकलं. "वैशूले काय झालं?"

"काही नाही."

"मग काहून आली अशी?"

 म्हटलं, "तुमी जेवले नाही."

ते बघत राहिले. मग बांधावर बसले, मीही बसले. मोटर चालू होती, पाणी सरीतून पुढं चाललं होतं, फुटून दुसरीकडे वळलं तरी कोणी उठलं नाही. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. चिखलाचे हात. नखांच्या कडेला मात्र तेलकट काळं. वास आला मला. तिळाचा, जळका.

काही न बोलता उठले, घरी आले. भाभींना जा म्हटलं. मग झाकण उघडलं. तेलच.

भिंतीला टेकून खाली बसले. आधी हसू आलं की रडू, आठवत नाही. वैशू गाड्यातून म्हणाली, "तुले सापडली? बाबा म्हणे, आईले सांगू नको. बाबा गारगार करते. मग खाजत नाही."

आणि मग असा राग आला.

१४ मे

सकाळी वैशू झोपलेली असताना बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नाकारलं नाही.

"बोलू देशील तर सांगतो."

म्हटलं, बोला.

ऑपरेशनच्या दिवशी मी वैशूजवळ होते, हे चहा घ्यायला बाहेर गेले. तिथं दवाखान्यातला ड्रेसिंगवाला भेटला. त्यानं सांगितलं, मांडीचं हाड कापून लहान केलं, लोखंडी पट्टी ठोकली. "मले तं डॉक्टरनं 'खुबा जागेवर बसवतो' एवढंच म्हटलं होतं. हाड कापलं, वंदे. चांगलं हाड. तुले सांगितलं असतं तं तू तथीच पेटली असती."

म्हणजे तेव्हापासून मनात. मग दर्यापूरच्या बाजारात फुलं घेऊन गेले तेव्हा आईच्या काकाच्या मुलाकडे गेले. तो अजून तेल देतो. म्हणाला, कडेनं सोडा, हाड लवकर भरते, खाजही जाते. "खाज गेली न. तू आंघोळीले गेली का ते पोट्टी माह्याकडं पाहून राहे. तू मले तिच्या आंगाले हात लावू देत नाही. हात लावला का चुकलं. मंग मी चोरूनच लावला."

"आणि आईवर आळ आला तेव्हा?"

 "तवा तोंड उघडलं असतं तं तू म्हटली असती, मायलेकानं मिळून केलं."

हेच म्हटलं असतं मी. शब्दाला शब्द.

तरी त्यांनी त्या दिवशी आपल्या आईला एसटीत बसवून दिलं आणि तसेच घरी आले. ते माझ्या मनातून जात नाही.

बाटलीबद्दल मला आधी काय वाटलं होतं ते सांगितलं नाही. मळ्यात का आले होते ते कदाचित त्यांना कळलं असेल. जाताना म्हणाले, "मी तसा नाही." एवढंच. पुढं विचारलं नाही मी.

१६ मे, अमरावती

डॉक्टरांनी कड दाबली, नाकाशी बोट नेलं. "यात काय घातलं?"

मी काही बोलायच्या आत वि. म्हणाले, "मी तेल टाकलं."

डॉक्टर खूप बोलले. आतला कापूस तेलानं बसला, प्लास्टर ढिलं झालं, आत पाय हलतो आहे. शिकल्यासवरल्या घरात असं. वि. मान खाली घालून ऐकत होते. पण मी मधेच विचारलं, मांडीचं हाड कापलं ते आम्हाला का नाही सांगितलं?

"सांगितलं होतं. चित्र काढून सांगितलं होतं."

चित्र काढलं होतं, हे खरं. रेघ मारली होती मांडीवर. मी तेव्हा खुब्याकडेच पाहत होते. बरोबरचे शब्द सगळे इंग्रजी.

प्लास्टर कापायची मशीन पाहून वैशू किंचाळली. वि.नी तिचे कान आपल्या तळहातांनी झाकले आणि तिच्याबरोबर मोठ्यानं बडबडगीत म्हणत राहिले, सगळ्यांसमोर. कमरेच्या खाली चामडी पांढरी, ओली, आणि एक जखम. मी पाहिली. वि.नी पाहिली. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

नवीन फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाला धरून बराच वेळ उभे. "जरा वर सरकल्यासारखं वाटतं. फोटोचा अँगलही असू शकतो." उद्या भूल देऊन नवीन प्लास्टर.

आता मला हे कळत नाही. हाड सरकलं असेल तर ते तेलानं. पण पहिल्यापासूनच नीट बसलं नसेल, तर तेही आता तेलावरच जाणार. आम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलं आहे.

२१ मे

काल परत आणली. यायच्या वाटेवर दर्यापूर लागतं. मी शकीलभाईंना म्हटलं, जीप जरा आत घ्या.

सा.बा. भावाच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. जीपपाशी आल्या, आधी वैशूच्या कपाळाला हात लावला, मग नव्या प्लास्टरला. वि. पाणी पितो म्हणून पलीकडे गेले.

मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. ते तुम्ही नव्हत्या."

"मले त्याच दिवशी मालूम होतं."

"काय?"

"माह्या काकाच्या घरचं तेल. त्याचा वास मले नाई येईन तं कोणाले येईन?"

"मग बोलल्या का नाही तुम्ही? मी एवढं बोलले…"

त्यांनी पलीकडे पाहिलं, वि. पाठमोरे उभे होते तिकडे. आवाज खाली आणला. "ते दोघं आलते न विचारत, घरात कोणी गुमसुम राहते काय म्हणून. मी नाई म्हटलं त्यायले. पण पाहून तं राहिलतीच न. जेवे नाई, बोले नाई. तुह्यापुढं चोर ठरला असता तं काय केलं असतं त्यानं, सांगता येते काय? दिवस कशे हायेत. मी म्हातारी. मले बोलली तं मले काय होते."

मी जीपच्या दाराला धरून उभी राहिले. घरात दोन बायका होत्या, दोघी पाहत होत्या. मी प्लास्टर पाहत होते.

चला म्हटलं घरी. "येईन न. पण त्यानं म्हटलं पाह्यजे."

वि. आले, आईच्या पाया पडले, जीपमध्ये बसले. म्हटलं नाही. वाटेत शकीलभाईंनी टेप लावला आणि लगेच बंद केला.

२७ मे

नसीमाभाभींच्या घरी स्वतः गेले. खीर घेऊन. माफी मागता येत नाही मला, जीभ जड होते. भाभींनी खीर घेतली, म्हणाल्या, "फुलवाला फ्रॉक पहना क्या उसने?" म्हटलं, अंगावरच आहे. दुपारी आल्या. पण आता प्लास्टरला हात लावायची वेळ आली की मला हाक मारतात. आधी मारत नव्हत्या.

मीच शिकवलं त्यांना.

३० मे

प्लास्टर आता वि. आणि मी मिळून पुसतो. ते धरतात, मी प्लास्टिक बदलते. त्यांना सांगितलं, खाज सुटली की मला उठवा, न्हाणीतून हाक मारा, पण चोरून काही नको. हो म्हणाले. जेवण अजून पुरतं नाही. पण काल लोणचं मागितलं.

तरी रोज वास घेते मी. ते खोलीत नसताना. त्यांना माहीत आहे की नाही, माहीत नाही.

४ जून

वि. सकाळी बाजाराचं टोपलं भरून गेले ते दुपारी आईला घेऊन आले. मला सांगून गेले नव्हते. मायलेकांत काय बोलणं झालं, कोणी सांगितलं नाही. सा.बा.नी पिशवी खुंटीला लावली आणि वैशूला म्हणाल्या, "सरक वो, मले बसू दे." वैशू म्हणाली, "मले सरकता येत नाही आजी, मी प्लास्टरची हाय." सगळे हसलो. वि.सुद्धा.

भाकरी टाकताना सा.बा. माझ्याजवळ येऊन हळूच, "आज दोन खाल्ल्या." म्हटलं, मी पाहिलं. "मालूम हाय," म्हणाल्या. "तू पाह्यतच असशील."

२० जून, अमरावती

प्लास्टर कायमचं काढलं. पाय बारीक, चामडीचे पापुद्रे, त्यावर बारीक काळे केस. वैशू आपल्या पायाकडे पाहून घाबरली. "हा माहा नाही." जखम मात्र भरली आहे.

डॉक्टर म्हणाले, हाड जागेवर वाटतं, पण खुब्याची वरची वाटी अजून उथळ आहे, पाहत राहावं लागेल. कदाचित पुन्हा काही करावं लागेल, कदाचित नाही. उभं आताच करायचं नाही. आपली आपण सरकेल, गुडघे वाकवेल, घाई नको.

"कदाचित" किती वेळा म्हणाले. मी या वेळी प्रत्येक शब्दाचं मराठी विचारून घेतलं. त्यांना आवडलं नाही.

२३ जून, अकोला

माझ्या मायकडे आलो. इथल्या दुसऱ्या डॉक्टरांना दोन्ही फोटो दाखवले. ते म्हणतात, पहिल्यापासून व्यवस्थित बसलेलं आहे, तेलानं काही झालेलं नाही, नुसती चामडी गेली. वि.नी दोनदा विचारलं, "तेलानं नाही न?" बाहेर येऊन जिन्यात बसले, बराच वेळ.

मला आनंद व्हायला पाहिजे. पण या डॉक्टरांनी पाच मिनिटंही पाहिलं नाही. आणि वि.चा चेहरा पाहून बोलले असतील तर? माणसं बोलतात तसं. सा.बा. नाही का वि.साठी आळ अंगावर घेऊन बसल्या.

वि.ना हे बोलून दाखवलं नाही. राहू दे त्यांच्याजवळ तेवढं.

२९ जून

अकोट. वैशू आज चटईवरून बसल्या बसल्या सरकत ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. कोणी सांगितलं नाही. आजीच्या हातात शेंगा होत्या, त्या पाहिजे होत्या तिला. आम्ही तिघं जागच्या जागी थांबलो. उजव्या पायानं जमीन रेटायची, थांबायची, हातावर जोर द्यायची. डावा पाय बरोबर ओढला जात होता. मधेच एकदा, उंबऱ्याजवळ, वाकडी होऊन जोरात पुढं आली आणि शेंगांवर हात मारला.

वि. म्हणाले, "डावा लावला तिनं. आता, आता लावला. पाह्यलं?"

सा.बा. म्हणाल्या, "दोनी लावले."

दोघं माझ्याकडे पाहायला लागले. मला तर वाटलं, नुसती घसरली. पण त्या क्षणी मी नेमकी वि.कडे पाहत होते.

वैशू शेंगा सोलत बसली आहे. परत सरक म्हटलं तर म्हणते, नाही, मिळाल्या मले.